लहान पेटी, मोठा पडदा

टीव्ही नवा, संगणक त्याहून नवा, दोहोंना जोडणारी केबलही कोरी. आणि तरीही पडद्यावरचे चित्र धड चालत नाही, अशी तक्रार हल्ली खेड्यापाड्यांतूनही कानावर येऊ लागली आहे. माऊसचा बाण हाताबरोबर सरकत नाही, उड्या मारीत मागून येतो. पडद्याच्या तळाची पट्टी अर्धी कापली जाते. लाल अक्षरांवरचे अनुस्वार पुसट होतात. मग कोणी म्हणतो टीव्हीच खराब निघाला, कोणी म्हणतो संगणकाची ताकद अपुरी, आणि दुकानदार म्हणतो, "साहेब, ग्राफिक्स कार्ड बदला, दुसरा इलाज नाही." कार्ड बदलायचे म्हणजे दहा-वीस हजारांची गोष्ट. पुष्कळदा दोष कार्डात नसतो, टीव्हीत नसतो आणि संगणकातही नसतो. तो त्यांच्या सांध्यात असतो. तो तेथे कसा शोधावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा विषय केवळ खेळ खेळणाऱ्या मुलांचा आहे असे कृपा करून समजू नका. शिकावयास शहरात गेलेला मुलगा किंवा मुलगी दिवाळीला येताना बुटांच्या खोक्याहून थोडी मोठी अशी एक पेटी घेऊन येते. खेळांसाठी बनविलेला तो लहान संगणक. घरातल्या पंचावन्न इंची टीव्हीला तो जोडण्याचा बेत असतो. दोन-चार वर्षांनी तीच पेटी जुनी म्हणून गावच्या शाळेला दिली जाते. शाळेत टीव्ही असतोच. आपल्याकडे कितीतरी जिल्हा परिषद शाळांतून तो लोकवर्गणीतून आलेला आहे. कोणी पाचशे दिले, कोणी हजार. त्या पैशाचा हिशोब गुरुजींना द्यावा लागतो. तेव्हा "चित्र अडखळते, नवे कार्ड घ्या" असे कोणी सांगितले, तर ते खरे की खोटे हे गुरुजींना स्वतः ताडून पाहता आले पाहिजे.

नभोवाणीवर फळा नसतो. पण तुम्ही हे भाषण पुस्तिकेत वाचीत असाल, तर कागद-पेन्सिल जवळ घ्या. कारण या विषयाचा निम्म्याहून अधिक भाग गुणाकाराचा आहे. मी महाविद्यालयात गणित शिकवतो, आणि मला जिकडे तिकडे गुणाकारच दिसतो असे माझे विद्यार्थी म्हणतात. येथे मात्र तो खरोखरच आहे.

टीव्हीचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. 'फोर के' म्हणून जो संच विकला जातो, त्यात एका आडव्या ओळीत ३,८४० ठिपके असतात, आणि अशा ओळी २,१६०. गुणाकार करा : ८२,९४,४०० ठिपके. त्याआधीचा 'फुल एचडी' संच १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचा. नवा जुन्याच्या बरोबर चौपट. आता प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन रंग किती किती घालावयाचे, ते संगणकाने टीव्हीला कळवावे लागते. एका रंगाचे प्रमाण सांगावयास शून्य किंवा एक अशा आठ खुणा लागतात. या खुणेलाच 'बिट' म्हणतात. तीन रंगांच्या चोवीस बिट. म्हणजे एकच स्थिर चित्र पाठवावयाचे तर जवळजवळ वीस कोटी बिट झाल्या. आणि संगणकाचे चित्र सहसा सेकंदाला साठ वेळा नव्याने पाठविले जाते. वीस कोटी गुणिले साठ : सुमारे बाराशे कोटी. सेकंदाला, बरं का!

इतक्यावर भागत नाही. ओळ संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी, आणि एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी, थोडी मोकळी जागा सोडण्याची रीत आहे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत किरणाला ओळीच्या आरंभी परत यावयास वेळ लागत असे. ती सवय पुढेही राहिली, आणि आता त्याच मोकळ्या जागेतून आवाज पाठविला जातो. ही जागा धरून हिशोब ४,४०० गुणिले २,२५०, म्हणजे ९९ लाख ठिपक्यांचा होतो. त्याला चोवीसने आणि साठाने गुणले की १,४२६ कोटी येतात. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढे सर्व काही त्याच्याशीच ताडून पाहावयाचे आहे.

आता पाट पाहू. पाण्याचा अंदाज आला. पण पाटातून तेवढे पाणी जाते का?

संगणक आणि टीव्ही यांना जोडणाऱ्या पिनेला एचडीएमआय म्हणतात. एकोणीस टोकांची ही चपटी पिन आता बहुतेकांच्या परिचयाची आहे. तिचे पहिले प्रमाण २००२ च्या डिसेंबरात ठरले. पुढे प्रमाणे बदलत गेली, पण पिनेचा आकार तोच राहिला, आणि खरी गडबड येथेच आहे. वरून पाहून ओळखूच येत नाही की ही पिन जुन्या प्रमाणाची की नव्या. २००९ साली आलेल्या १.४ या प्रमाणात सेकंदाला १,०२० कोटी बिट वाहतात. त्यांतले बारदान वजा करावे लागते. बारदान म्हणजे असे, की मजकूर वाटेत बिघडू नये म्हणून आठ बिटांच्या जागी दहा पाठवतात. धान्याच्या पोत्यात पोत्याचेही वजन येते, तसेच हे. ते वजा जाता खरा माल उरतो ८१६ कोटी. आपल्याला हवे होते १,४२६. बसत नाही. मग काय करतात? साठाऐवजी तीसच वेळा चित्र पाठवतात. तिसाचा हिशोब ७१३ कोटींचा, तो ८१६ त सुखाने मावतो.

माऊसचा बाण उड्या का मारतो, ते येथे उलगडते. हात सारखा फिरतो आहे आणि पडदा सेकंदात तीस वेळाच त्याची नोंद घेतो आहे. एक चित्र आणि दुसरे चित्र यांत सेकंदाचा तिसावा भाग जातो. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही, कारण सिनेमा मुळातच सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो. म्हणूनच लोकांची फसगत होते. टीव्हीवर सिनेमा झकास दिसतो, संगणक लावला की चित्र अडखळते. तेव्हा संगणकच वाईट, असा निष्कर्ष काढला जातो. तो तर्क वरवर ठीक वाटतो, पण चुकीचा आहे.

पुढचे प्रमाण २.०, ते २०१३ च्या सप्टेंबरात आले. त्याची वहनशक्ती १,८०० कोटींची. बारदान वजा जाता १,४४० कोटी. हवे होते १,४२६. पोते शिवताना टाका बसेल न बसेल इतकीच जागा उरते, पण बसते. म्हणजे 'फोर के'चा पडदा सेकंदाला साठ वेळा, पुऱ्या रंगांत चालवावयाचा, तर वाटेतील प्रत्येक गोष्ट निदान २.० प्रमाणाची हवी : कार्डावरचे पोर्ट, केबल आणि टीव्हीवरचे पोर्ट. तिन्हींपैकी एकही जुने असले की सारा प्रवाह त्याच्याएवढाच. शेवटच्या चारीचे दार अर्धेच उघडत असेल, तर धरण भरलेले असून टेलच्या शेतकऱ्याला काय उपयोग?

याचे एक गाजलेले उदाहरण आहे, आणि ते नेमके लहान पेटीचेच आहे. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील एएमडी या कंपनीने 'रेडिऑन आर ९ नॅनो' नावाचे ग्राफिक्स कार्ड विक्रीस आणले. लांबी अवघी सहा इंच, म्हणजे वीतभरही नाही. १७ सेंटिमीटर लांब-रुंद अशा चिमुकल्या मदरबोर्डाच्या पेटीत ते आरामात बसे. वीज १७५ वॉट. एवढ्याशा आकारात इतकी शक्ती तोवर कोणी बसविली नव्हती, आणि कंपनीचा दावा असा की बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवावयाच्या लहान संगणकातून 'फोर के'चे खेळ आता खेळता येतील. किंमत ६४९ डॉलर. सगळे उत्तम होते. पण कार्डाच्या पाठीवरचे एचडीएमआय पोर्ट १.४ प्रमाणाचे होते! जे कार्ड टीव्हीसाठी म्हणून घ्यावयाचे, त्याच्यातून टीव्हीला सेकंदाला तीसच चित्रे. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाची जीटीएक्स ९७० आणि ९८० ही कार्डे त्याच्या वर्षभर आधी, २०१४ च्या सप्टेंबरातच, २.० घेऊन आली होती. त्यामुळे एएमडीवर टीका पुष्कळ झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. इंजिन बनविणाऱ्यांनी कमाल केली, आणि दाराचे माप घ्यावयाचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

मात्र त्या कार्डाला आणखी तीन पोर्टे होती, 'डिस्प्लेपोर्ट' नावाची. संगणकाच्या मॉनिटरांना हे पोर्ट असते, टीव्हीला बहुधा नसते. त्याची वहनशक्ती बारदान वजा जाता १,७२८ कोटींची, म्हणजे आपल्या १,४२६ ला पुरून उरणारी. तेव्हा युक्ती अशी निघाली की, चित्र डिस्प्लेपोर्टातून बाहेर काढावयाचे आणि मध्ये एक अडॅप्टर घालून त्याचे एचडीएमआय २.० करून टीव्हीला द्यावयाचे. असे अडॅप्टर लवकरच बाजारात आले, आणि एवढे मोठे दुखणे त्या लहानशा वस्तूने बरे झाले. एएमडीने स्वतः २०१६ च्या आरएक्स ४८० या कार्डापासून २.० दिलेच.

अडॅप्टर घेताना एक गोष्ट पाहावी. यात दोन जाती आहेत. एकीत आत चिप असते आणि ती एका भाषेतला मजकूर दुसरीत खरोखर उतरवते. हिला 'ॲक्टिव्ह' म्हणतात. दुसरी 'पॅसिव्ह'. ती केवळ पिनेचा आकार बदलते, मजकूर कार्डाकडूनच जुन्या रीतीने येतो, आणि मग पुन्हा तीसच चित्रे पदरात पडतात. दिसावयास दोन्ही सारखी. खोक्यावर 'ॲक्टिव्ह' आणि 'फोर के ६० हर्ट्झ' असे दोन्ही छापलेले असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, इतकाच अर्थ.

तुम्ही म्हणाल, हे २०१५ चे झाले, आज काय? आजच्या कार्डांत २.० असतेच, आणि २०२० च्या अखेरीपासून निघालेल्या मुख्य कार्डांत तर २.१ असते. हे प्रमाण २०१७ च्या नोव्हेंबरात आले, आणि त्याची वहनशक्ती ४,८०० कोटींपर्यंत जाते. सेकंदाला १२० चित्रेही त्यातून सहज जातात. मग तक्रारी का थांबत नाहीत?

पहिले कारण सांगितले तर तुम्हाला हसू येईल. केबल चुकीच्या पोर्टात घातलेली असते. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाच्या पाठीवर एचडीएमआयची पोर्टे दोन ठिकाणी असू शकतात. एक मदरबोर्डचे, दुसरे कार्डाचे. मदरबोर्डच्या पोर्टात केबल गेली, तर चित्र काढण्याचे काम प्रोसेसरच्या अंगच्या लहान चित्रविभागाकडे जाते आणि महागडे कार्ड स्वस्थ बसून राहते. बैल गोठ्यात रवंथ करताहेत आणि धनी स्वतः नांगर ओढतोय, त्यातला प्रकार. शिवाय इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या टेबलावरील संगणकांत या चित्रविभागाचे एचडीएमआय मुळात १.४ चेच होते. काही मदरबोर्डांवर वेगळी चिप लावून ते वाढविलेले असे, पण सगळ्यांवर नव्हे. म्हणजे पुन्हा तीस! प्रोसेसरला चित्रविभागच नसेल, तर पडदा काळाच राहतो आणि "संगणक मेला" अशी आवई उठते.

ओळखावयाचे कसे? जेथे यूएसबीची चौकोनी पोर्टे, नेटची पिन, आवाजाची रंगीत गोल भोके यांची दाटी असते, ती पट्टी मदरबोर्डची. तेथे घालावयाचे नाही. तिच्यापासून वेगळी, जाळीदार पट्टी असते आणि तिच्यात केवळ चित्राचीच तीन-चार पोर्टे असतात, ती कार्डाची. लहान पेटीत कार्ड कधी उभे, कधी आडवे, तर कधी पेटीच्या दुसऱ्याच कोपऱ्यात असते, म्हणून हा घोटाळा मोठ्या संगणकापेक्षा येथे अधिक होतो. दुकानदाराला फोन करण्याआधी पेटी फिरवून एवढे पाहिले, तर निम्म्या तक्रारी तेथेच मिटाव्यात असा माझा अंदाज आहे.

दुसरे कारण टीव्हीच्या आत दडलेले असते. कित्येक संचांत एचडीएमआयची तीन-चार पोर्टे असतात, पण पुऱ्या शक्तीचे त्यांतले एखाद-दुसरेच. शेजारी बारीक अक्षरांत '४के ६०' किंवा '१२०' असे लिहिलेले असते. चष्मा लावून वाचावे. आणि पुऱ्या शक्तीचे पोर्टसुद्धा कारखान्यातून येताना कधी कधी अर्ध्यावर ठेवलेले असते. कारण जुने सेट-टॉप बॉक्स पुऱ्या शक्तीला बिचकतात. ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन उघडावे लागते. याला प्रत्येक कंपनीने आपापले नाव दिले आहे. एलजीच्या संचावर 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सॅमसंगच्या काही संचांवर 'यूएचडी कलर' आणि नव्यांवर 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीच्या संचावर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. नावे निराळी, काम एकच : दार पुरते उघडणे. हे सारे एका नावाने ठेवावयास काय हरकत होती, हे त्या कंपन्यांनाच ठाऊक.

आता अनुस्वारांकडे वळू, कारण शिक्षकांच्या दृष्टीने तो प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. चित्र साठ वेळा येते आहे, माऊस चांगला चालतो आहे, आणि तरीही रंगीत अक्षरे फिसकटलेली दिसतात, असे कधी होते. याचे कारण रंगांत केलेली काटकसर. ही समजावयास पुन्हा अंगणातल्या रांगोळीकडे चला. पांढरी रेघ प्रत्येक ठिपक्यातून काळजीपूर्वक ओढली, पण रंग भरताना चार ठिपक्यांना मिळून एकच चिमूट टाकली, तर काय होईल? लांबून रांगोळी सुरेखच दिसेल. डोळ्याला उजेड-अंधाराची रेघ बारीक कळते, रंगाची कड तितकी कळत नाही. टीव्ही आणि सिनेमावाले या गोष्टीचा फायदा पूर्वीपासून घेत आले आहेत. पूर्ण रंगांना '४:४:४' म्हणतात आणि या चिमटीच्या रंगांना '४:२:०'. यात बिट निम्म्या लागतात. १,४२६ चे ७१३ होतात. म्हणजे सेकंदाला साठ चित्रे जुन्या १.४ च्या वेगातही मावली! २०१४ साली एनव्हिडियाने आपल्या जुन्या कार्डांसाठी हीच तोड काढली होती.

माणसाच्या चेहऱ्याला, डोंगराला, आभाळाला हे चालते. अक्षराला चालत नाही. पांढऱ्यावर काळे अक्षर बरेच टिकते, कारण तेथे उजेड-अंधाराचीच रेघ आहे. पण निळ्यावर तांबडे, काळ्यावर जांभळे असे लिहिले की अक्षराची कड शेजाऱ्याचा रंग घेते. इंग्रजी अक्षर जाड-ठसठशीत असते, ते कसेबसे निभावते. आपल्या देवनागरीत 'मंद' आणि 'मद' यांतला फरक एका ठिपक्याएवढा. 'दिन' आणि 'दीन' वेलांटीच्या बाकावर ओळखावयाचे. दुसरीतल्या मुलाला आपण नेमके तेच तर शिकवीत असतो, आणि आपल्याला ठळक दिसावे म्हणून अनुस्वार लाल रंगात काढतो! तेव्हा कार्डाच्या सेटिंगमध्ये रंगाचा प्रकार 'आरजीबी' किंवा '४:४:४' ठेवावा. टीव्हीला या पोर्टावर संगणक जोडला आहे असे सांगण्याची सोय असते, म्हणजे त्या इनपुटचे नाव 'पीसी' ठेवावयाचे. ते ठेवल्याशिवाय काही संच पूर्ण रंग घेऊनही दाखविताना चिमटीचेच दाखवतात. तेवढे नाव बदलले की अक्षरे धुऊन काढल्यासारखी स्वच्छ होतात.

केबलविषयी थोडक्यात. एचडीएमआय केबलला १.४, २.० असे क्रमांक अधिकृतपणे नसतात; तिच्या प्रती असतात. १,८०० कोटींसाठी 'प्रीमियम हाय स्पीड', ४,८०० कोटींसाठी 'अल्ट्रा हाय स्पीड'. दोन-तीन मीटरपर्यंत कोणतीही प्रामाणिक केबल बहुधा चालते. सोन्याचा मुलामा दिलेली घेतली म्हणून रंग अधिक खुलत नाहीत. मुलामा गंजू नये म्हणून असतो. शून्य आणि एक पोहोचले तर चित्र पूर्ण, नाही पोहोचले तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा मधूनच क्षणभर अंधार होतो. ही लक्षणे दिसली तर मात्र केबल बदलावी. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दहा-पंधरा मीटर न्यावयाची असेल, तर तांब्याची साधी केबल पुरत नाही. प्रकाशतंतूची घ्यावी लागते. तिचे एक टोक संगणकाचे आणि एक टीव्हीचे असे ठरलेले असते. उलटी लावली तर काहीच दिसत नाही, म्हणून भिंतीत पुरण्यापूर्वी लावून पाहावी.

हे सर्व करूनही जमले नाही, कार्ड जुने आहे, पोर्ट १.४ चेच आहे आणि वर्गणी संपली आहे. मग? मग कागद पुन्हा पुढे ओढा.

पंचावन्न इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. तिला ३,८४० ने भागले तर एक ठिपका सुमारे ०.३२ मिलिमीटरचा येतो. निरोगी डोळ्याला कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक भेद कळतो, असे साधारणपणे धरतात. या मापाने ०.३२ मिलिमीटरचा ठिपका सुटा दिसावयास तुम्ही पडद्यापासून सुमारे १.१ मीटरच्या आत असावयास हवे. 'फुल एचडी'चा ठिपका दुप्पट मोठा, तो २.२ मीटरपर्यंत ओळखू येतो. त्यापलीकडे बसणाऱ्याला दोन्ही चित्रे सारखीच. आता सांगा, तुमच्या वर्गात २.२ मीटरच्या आत किती मुले बसतात? पहिली ओळ, फार तर दुसरी. उरलेल्यांना 'फोर के' आणि 'फुल एचडी' यांत फरक दिसणेच शक्य नाही.

तेव्हा जुन्या कार्डावर 'फोर के'चा हट्ट धरून सेकंदाला तीस चित्रे घेण्यापेक्षा संगणकाला सरळ १,९२० गुणिले १,०८० वर आणावे आणि चित्रे साठ घ्यावीत. बिट लागतात अवघ्या ३५६ कोटी; जुने पोर्टही ते हसत वाहते. एका ठिपक्याचे चार करून पडदा भरण्याचे काम टीव्ही स्वतः करतो. खेळणाऱ्या मुलांनाही हे फायद्याचे आहे, कारण कार्डाला चौथाई ठिपके काढावयाचे असल्याने खेळ अधिक सुरळीत चालतो. माझ्या मते शाळेला हाच मार्ग उत्तम, आणि याला एक पैसाही लागत नाही. पडद्याच्या अगदी जवळ बसून बारीक मजकूर वाचणारा घरचा विद्यार्थी असेल, त्याच्यासाठी मात्र 'फोर के'चे साठ मिळवावयाची खटपट जरूर करावी.

सध्या तीस चालले आहे की साठ, हे पाहणे सोपे आहे. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टीम', मग 'डिस्प्ले' आणि तेथे 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. हर्ट्झचा आकडा समोर येतो. कधी कधी सारे काही नवे असूनही तेथे तीसच निवडलेले असते. साठ निवडले की काम झाले. आवाज येत नसेल तर आवाजाच्या खुणेवर जाऊन टीव्हीचे नाव निवडावे. काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा उलट सावलीतले सगळेच बुडत असेल, तर रंगमर्यादेचा मेळ बसलेला नाही. टीव्हीची जुनी रीत काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ म्हणण्याची, संगणकाची ० आणि २५५ म्हणण्याची. दोघांनाही 'फुल' किंवा दोघांनाही 'लिमिटेड' करावे. कडा कापल्या जात असतील तर तीही काचेच्या नळीच्या काळातील सवय. चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असत म्हणून टीव्ही ते थोडे फुगवून कडा चौकटीबाहेर ढकलीत असे. टीव्हीच्या चित्राच्या मापात 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' असे जे काही असेल ते निवडले की तळाची पट्टी परत येते. आणि हात व चित्र यांत अजूनही अंतर वाटत असेल तर 'गेम मोड' लावावा. नाव खेळाचे असले तरी गुरुजींनी लावावयास हरकत नाही. त्याने टीव्हीची चित्र सजविण्याची कामे बंद होतात आणि ते ताबडतोब पडद्यावर येते.

राहिली विजेची गोष्ट, आणि ती खेड्यात सर्वांत जपण्याची. संगणकाच्या पेटीला तीन पिनांचा प्लग असतो. त्यातली जाड पिन अर्थिंगची. आपल्याकडे अर्थिंग कित्येक ठिकाणी नुसते नावाला असते. कोणी तर ती पिनच कापून टाकतो. अशा वेळी पेटीच्या पत्र्यावर थोडा विद्युत्दाब साठून राहतो, हात लावला की झिणझिण्या येतात. टीव्हीकडेही छपरावरच्या डिशची किंवा केबलवाल्याची वायर आलेली असते, तिचाही दाब निराळा. दोन्ही चालू असताना एचडीएमआयची पिन खुपसली, तर हा सारा फरक त्या नाजूक एकोणीस टोकांतून वाट काढतो आणि कार्डाचे किंवा टीव्हीचे पोर्ट जळते. ते मात्र सेटिंग बदलून बरे होत नाही. म्हणून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. टीव्ही आणि संगणक एकाच बोर्डावरून चालवावेत. जोडताना दोन्हींचे प्लग काढून ठेवावेत, डिशची वायरही सोडवावी, एचडीएमआय केबल दोन्हीकडे नीट बसवावी, आणि मगच प्लग लावून आधी टीव्ही व नंतर संगणक सुरू करावा.